टिलव्याचे नाव

एका खाडीच्या मुखाशी, दक्षिण तीरावरच्या टेकडीवर, एकदा एक वृद्ध आचार्य आश्रम करून राहत असत. त्यांच्यापाशी शिकणाऱ्यांमध्ये एका तरुण शिष्याला नावांचे विलक्षण वेड होते. वनस्पतींची, नक्षत्रांची, व्याधींची नावे त्याला मुखोद्गत होती. एखाद्या वस्तूचे नाव कळले की ती वस्तू आपल्या मुठीत आली, असे त्याला वाटे. तो मूळचा खाडीपलीकडच्या एका कोळीवाड्यातला. वडील समुद्रात गेले, आई मागे राहिली. आश्रमात आल्यावर त्याला विद्याधर हे नाव मिळाले. घरचे नाव त्याने इथे कुणालाच सांगितले नव्हते.

हिवाळा लागला की खाडीच्या चिखलावर लहान पक्ष्यांचे थवे उतरत. चिमणीएवढा देह, काटकीसारखे काळे पाय, पांढरे पोट, आणि टाके घालावेत तशी चिखलात भराभर टोचत जाणारी चोच. हे पक्षी फार दूर उत्तरेत जन्मतात, जिथे उन्हाळ्यात सूर्य मावळत नाही, असे गलबतांवरची माणसे सांगत. काठावरचे लोक त्याला टिलवा म्हणत. विद्याधराला हे नाव अगदी पोरकट वाटे.

"गुरुजी, एवढा लांबचा प्रवासी, आणि त्याला टिलवा म्हणायचे?" तो एकदा म्हणाला. "याला एखादे भारदस्त नाव हवे. मी सैकतचारी म्हणेन, वाळूवर चालणारा."

"म्हण की," आचार्य म्हणाले. "पण तू तसे म्हटल्यावर त्याने मान वळवली का?"

"पक्षी कशाला मान वळवेल?"

"मग ते नाव तुझ्याजवळच राहिले," असे म्हणून आचार्य पुन्हा थव्याकडे पाहत बसले. पक्षी चरता चरता 'टिल्, टिल्' असा बारीक आवाज करीत होते. एकाने केला की पलीकडचा करी, आणि मग त्याच्याही पलीकडचा. विद्याधराला यात विशेष काही दिसले नाही.

पौष महिन्यात उत्तर तीरावरून निरोप आला की आचार्यांचे एक बालमित्र अंथरुणाला खिळले आहेत आणि त्यांना भेटायची इच्छा आहे. ओहोटीच्या वेळी खाडीचे पात्र उघडे पडे. वाट ठाऊक असलेला माणूस तेव्हा चालत पलीकडे जाऊ शकत असे. मध्यावर वाळूचा एक उंच दांडा होता, नेहमीच्या भरतीतही तो बुडत नसे. दांड्याच्या अलीकडे एक ओहळ होता. तो भरतीत सर्वांत आधी भरे, म्हणून त्याला सगळे भीत.

निघण्याच्या आदल्या दिवशी आश्रमात एक व्यापारी मुक्कामाला आला होता. साठीकडे झुकलेला, सावळा, रुंद खांद्यांचा. त्याने आपले नाव रतनशेठ असे सांगितले. सुक्या मासळीचा व्यापार करतो आणि उत्तर तीरावर जायचे आहे, म्हणाला. आचार्य आणि विद्याधर सकाळी निघणार हे कळल्यावर त्याने सोबत मागितली.

तिघे निघाले तेव्हा पूर्वेला नुकते उजाडले होते. चिखलाला गारठा होता. आचार्य काठी टेकत पुढे, त्यांच्यामागे व्यापारी, शेवटी विद्याधर. थोडे अंतर गेल्यावर विद्याधराचा पाय घोट्यापर्यंत रुतला आणि तो घाईने ओढू लागला. तेव्हा व्यापारी मागे वळून सहज म्हणाला, "दमानं, पोरा. पाणी कुठं पळून जात नाही."

विद्याधर जागच्या जागी थिजला.

हे वाक्य त्याने याच आवाजात ऐकले होते. तेव्हा तो एवढासा होता आणि एका माणसाच्या खांद्यावर बसून होड्या पाहायला जात असे. तो माणूस त्याच्या वडिलांचा जिवलग होता. दोघांच्या होड्या जोडीने समुद्रात जात. एका वादळात वडिलांच्या होडीचे सुकाणू मोडले, म्हणून त्या माणसाने ती दोराने आपल्या होडीमागे बांधून घेतली. परत आली ती एकच होडी. दोराचे टोक कापलेले होते, तुटलेले नव्हते. साऱ्या कोळीवाड्याने ते पाहिले. दुसऱ्या दिवशी तो माणूस गावात नव्हता, आणि त्यानंतर त्याचे नाव विद्याधराच्या घरात कुणी घेतले नाही.

आता त्याची पाठ समोर होती. हातभर अंतरावर.

विद्याधर पुन्हा चालू लागला. बऱ्याच वेळाने त्याने विचारले. आवाज त्याने मुद्दाम सौम्य ठेवला होता. "शेठ, पाण्याची सवय दिसते तुम्हांला."

"व्यापाराच्या निमित्तानं फिरावं लागतं."

"होडी कधी चालवली का?"

"नाही."

"मग भर वादळात मागची होडी दोराला असली, तर दोर धरून ठेवायचा की कापायचा, हे कसं ठरवतात, ते तुम्हांला ठाऊक नसेल, तांडेल."

तांडेल म्हणजे होडीचा म्होरक्या. तो शब्द उच्चारला गेला आणि व्यापारी थांबला. त्याने मागे वळून या तरुणाचा चेहरा नीट न्याहाळला. कुणाचा मुलगा असावा, हे त्याला समजले नाही. आपण ओळखले गेलो, एवढे मात्र समजले. "मी व्यापारी आहे," तो म्हणाला, आणि पुढे चालू लागला. पण आता तो वाट सोडून जरा बाजूने चालत होता, विद्याधराकडे पाठ येणार नाही अशा बेताने.

पुढे चालणाऱ्या आचार्यांनी हे सारे ऐकले होते.

आणि त्याच सुमारास धुके आले. समुद्राकडून ते चिखलाला चिकटून आले आणि पाहता पाहता उत्तर तीर नाहीसा झाला, मग दक्षिण तीर, मग हातातल्या काठीचे टोक. तिघांनी पावले आवरली. वृद्धाच्या चालीने आधीच उशीर झाला होता. पायाखालच्या चिखलावर पाण्याचा एक पातळ पापुद्रा सरकत आला. भरती लागली होती.

"गुरुजी, चला, धावू या," विद्याधर म्हणाला.

"कुठल्या दिशेला?"

विद्याधराने चारही बाजूंना पाहिले.

"उभा राहा. ऐक."

पाणी घोट्यांना लागले. विद्याधराला स्वतःच्या श्वासाखेरीज काही ऐकू येईना. मग फार दूर, उजवीकडे, बारीक 'टिल्, टिल्' असे ऐकू आले. एक थवा डोक्यावरून गेला. दिसला नाही, फक्त पंखांचा सळसळाट आणि तोच आवाज, एकाचा, दुसऱ्याचा, तिसऱ्याचा. मग दुसरा थवाही त्याच दिशेला गेला.

"चिखल बुडू लागला की हे दांड्यावर जाऊन बसतात," आचार्य म्हणाले. "त्यांच्या मागोमाग चला. आणि एकमेकांना आवाज देत राहा."

तिघे निघाले. आचार्य पुढून "या, या" म्हणत होते, विद्याधर "आलो" म्हणत होता. व्यापाऱ्याचा आवाज पहिल्यांदा जवळून आला, मग लांबून, मग आलाच नाही. विद्याधराच्या ते ध्यानात आले. तो थांबला नाही.

ओहळात पाणी गुडघ्यांवर आले होते. दोघे तो ओलांडून दांड्यावर चढले. वाळूवर सगळीकडे पक्षी बसले होते. ते थोडे बाजूला सरले, एवढेच. विद्याधर वाळूवर कोसळला. आचार्यांनी मागे वळून पाहिले.

"शेठ कुठे आहेत?"

"मागे होते."

"रतनशेठ," आचार्यांनी हाक मारली. त्यांचा आवाज वार्धक्याने क्षीण झालेला, तो धुक्यात विरून गेला. "तू मार. तुझा आवाज पोचेल."

विद्याधर उठला. तोंडाभोवती हात धरून त्याने हाक दिली, "रतनशेठ, इकडे या. रतनशेठ." त्याने अनेक हाका मारल्या, खणखणीत मारल्या. पलीकडून काहीच आले नाही. पाणी चढत होते. त्याच्या मनाच्या तळाशी एक थंड, शांत विचार येऊन बसला होता: मी हाका मारल्या आहेत. आता पुढचे समुद्र पाहून घेईल. त्याचा आणि समुद्राचा जुना हिशेब आहे.

तेव्हा आचार्यांनी एक अनाकलनीय गोष्ट केली. त्यांनी उपरणे कमरेला बांधले, काठी उचलली आणि ते दांड्यावरून उतरून परत ओहळात जाऊन उभे राहिले.

"गुरुजी, हे काय करता? बाहेर या."

"तू हाक मार."

"मारली ना. इतक्या वेळा मारली."

"मारलीस," आचार्य म्हणाले. पाणी त्यांच्या मांड्यांपाशी होते. "पण ती मला ऐकू यावी म्हणून मारलीस. त्याला ऐकू येईल अशी अजून मारली नाहीस."

विद्याधर पाण्यात धावला आणि त्याने त्यांचा दंड धरला. वृद्ध माणूस खुंटासारखा उभा होता. "मी तुम्हांला उचलून नेईन."

"नेशील. तुझ्या अंगात ते बळ आहे. मग आपण दोघे दांड्यावर बसू आणि पाणी उतरण्याची वाट पाहू. पुढे काय झाले, हे तुला आणि मला दोघांनाही ठाऊक असेल." आचार्यांचे दात थंडीने वाजत होते. "त्या माणसाचे नाव मला माहीत नाही, बाळ. ते तुला माहीत आहे. मी फक्त काठी पुढे धरून उभा राहू शकतो."

पाणी कमरेपर्यंत आले.

विद्याधर धुक्याकडे पाहत राहिला. त्याला आठवली ती आई. वडील गेले त्या वर्षी ती रोज संध्याकाळी पुळणीवर जाऊन उभी राही आणि वडिलांच्या नावाने हाक मारी. कुणी येणार नाही हे तिला ठाऊक होते. पण दम लागेपर्यंत ती हाक मारी, आणि छोटा मुलगा तिचा पदर धरून उभा असे. समुद्राकडे तोंड करून मारलेल्या हाकेला ओ न येणे म्हणजे काय, हे त्याच्याइतके कुणाला ठाऊक होते? आणि आज तो स्वतः, ओ येऊ नये अशा बेताने हाका मारत उभा होता.

त्याने आचार्यांचा दंड सोडला आणि तोंडाभोवती हात धरले. मग त्याने हाक मारली.

"पोशाकाका."

पलीकडे शांतता. पण ही शांतता मघाच्यासारखी नव्हती. कुणीतरी श्वास रोखून धरला असावा तशी होती.

"पोशाकाका, मी धाकू. चांगू तांडेलाचा धाकू. तुम्ही मला खांद्यावर बसवून बंदरावर न्यायचात. काका, इकडं या. इथं वाळू आहे. मी इथं उभा आहे."

बराच वेळ गेला, निदान त्याला तरी तसे वाटले. मग डावीकडून, अपेक्षेपेक्षा खूपच जवळून, एक घोगरा आवाज आला.

"धाकू?"

"हां, काका."

"तू धाकू?"

"मीच. या. बोलत राहा, मी बोलतोय. इकडं. माझ्या आवाजावर या."

तो बोलत राहिला. काय बोलला ते त्याला नंतर आठवले नाही. बंदराचे, होड्यांचे, आईचे, काहीबाही. पाण्याचा खळबळाट जवळ आला. छातीभर पाण्यात हात पुढे केलेली एक आकृती धुक्यातून बाहेर पडली. ओहळाच्या खोल भागात तिचा पाय निसटला, ती खाली गेली, पुन्हा वर आली. आचार्यांनी काठी पुढे केली होती. ती त्या हाताला लागली. विद्याधराने झेप घेऊन मनगट पकडले, आणि तिघे एकमेकांना ओढत, ढकलत दांड्यावर येऊन पडले.

हळूहळू धुके विरळ होऊ लागले. आचार्य इतके कापत होते की विद्याधराने त्यांना कुशीत घेऊन आपल्या अंगाची ऊब दिली. व्यापारी गुडघ्यांत डोके घालून बसला होता.

शेवटी तोच बोलला. "तुझ्या पहिल्या हाका मला ऐकू येत होत्या. सगळ्या. मी तीस पावलांवर पण नसेन."

"मग आला का नाहीत?"

"तू मला ओळखलं होतंस. माझं खरं नाव ठाऊक असून जो खोट्या नावानं बोलावतो, तो वाळूवर बोलावतोय की खोल पाण्यात, हे मी कशावरून समजावं? मी म्हटलं, उभ्यानं बुडलेलं बरं."

विद्याधराने मान खाली घातली. तो माणूस खोटे बोलत नव्हता.

"दोर मीच कापला," पोशा म्हणाला. "कापला नसता तर दोन्ही होड्या गेल्या असत्या, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो. खरं असेल. नसेलही. पण दोर कापला तेव्हा तुझ्या बापानं मला हाक मारली. शिवी नाही दिली. नुसतं माझं नाव घेतलं, पोशा म्हणून. मी ओ दिली नाही. त्यानंतर कुणी त्या नावानं बोलावलं की मला तोच ऐकू यायचा. म्हणून ते नाव मी टाकलं." त्याने उत्तरेकडे मान वळवली. "आता वय झालं, गाव ओढतं. वेशीवरनं बघून माघारी जाणार होतो. कुणाला दिसायचं नव्हतं मला."

विद्याधराने आचार्यांकडे पाहिले. "गुरुजी, तुम्हांला हे ठाऊक होते?"

"मला एवढेच ठाऊक होते, की एकाने तांडेल म्हटले आणि दुसऱ्याची पावले थबकली," आचार्य म्हणाले. त्यांचा आवाज आता थोडा सावरला होता. "बाळ, तू नावे गोळा करतोस. चांगले आहे. पण नाव ही वस्तूला बांधायची चिठ्ठी आहे असे तू धरून चाललास. नाव म्हणजे हाक. ही एवढीशी पाखरे रात्रीच्या अंधारात, धुक्यात, समुद्रावरून एवढा प्रवास कशी करतात? प्रत्येक जण आपला आवाज देतो, आणि शेजाऱ्याच्या आवाजावर विसंबून पंख मारतो. त्या आवाजात कपट असते, तर एकही इथवर पोचला नसता. माणसाचेही तसेच आहे. ज्या नावाने हाक मारली असता समोरचा डोळे मिटून पाण्यात पाऊल टाकू शकतो, ते त्याचे नाव. तसे नाव ठाऊक असून जो ते दाबून ठेवतो, त्याच्या हातात दोरही असतो आणि सुरीही."

सुरी हा शब्द कुणासाठी होता, हे विद्याधराला कळले होते. तो पोशासाठी नव्हता.

ऊन वर आले. धुके उठले. उत्तर तीरावरच्या एका होडीने त्यांना पाहिले आणि पलीकडे नेऊन सोडले. आचार्य आपल्या मित्राकडे निघाले. निरोप देताना त्यांनी विद्याधराच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "पुढची वाट माझी नाही."

पोशा वाळूतच उभा होता. "मी इथनं माघारी जातो," तो म्हणाला.

"आईला कोण सांगणार?"

"तू सांग."

"मी नाही सांगणार, काका. तिला जे ऐकायचं आहे ते फक्त तुमच्याजवळ आहे."

दोघे कोळीवाड्याकडे चालू लागले. वाटेत पोशा पुन्हा पुन्हा थांबे, आणि विद्याधर थोडा पुढे जाऊन त्याची वाट पाही. त्याने त्याचा हात धरला नाही. राग गेला होता असेही नाही. बापाची रिकामी जागा होती तशीच होती. पण मघाशी त्या थंड विचाराने त्याच्या मनात जे घर केले होते, तिथे आता कुणी राहत नव्हते.

आई ओट्यावर मासळी निवडत बसली होती. तिने मुलाला पाहिले, मग त्याच्या मागच्या माणसाला. हातातला मासा तिने टोपलीत ठेवला. हात मात्र तसेच राहिले, ओले, मांडीवर.

पोशाने अंगणातच गुडघे टेकले आणि सारे सांगितले. दोर, सुरी, आणि ती हाक. तो काहीही वगळत नव्हता, हे त्याच्या आवाजावरून समजत होते. आई ऐकत होती. तिच्या चेहऱ्यावरची एक रेषाही हलली नाही.

"त्यानं फक्त तुझं नाव घेतलं?" तिने विचारले.

"हां, वहिनी. एकदाच."

"घाबरलेला होता?"

पोशाने बराच विचार केला. "नाही," तो म्हणाला. "हाक मारताना माणूस बघतो ना, तसं बघत होता. मी आहे का ते."

आई उठली. ती आत गेली आणि पुष्कळ वेळ बाहेर आली नाही. विद्याधर दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला. आतून रडण्याचा आवाज आला नाही. चुलीत लाकूड सारल्याचा आला.

मग ती दारात आली.

"घरात येऊ नकोस," ती म्हणाली. "ते माझ्याच्यानं व्हायचं नाही." इतकी वर्षे त्या घरात न उच्चारलेला शब्द तिने तोंडात जुळवून पाहिल्यासारखे केले. "पोशा, ओट्यावर बस. भात होतोय. जेवून जा."

पोशाच्या तोंडून एक अक्षर बाहेर पडले, "ओ." आणि मग तो ओट्यावर बसून, दोन्ही हातांनी तोंड झाकून, लहान मुलासारखा रडू लागला. विद्याधर हात धुवायला पाण्याचा तांब्या घेऊन त्याच्याजवळ गेला.

क्षमा ही फार पुढची गोष्ट आहे, आणि ती प्रत्येकाला जमेलच असे नाही. पण ज्याचे खरे नाव आपल्याला ठाऊक आहे त्याला त्या नावाने हाक मारणे, एवढे आपल्या हातात असते.